प्यादं दिल्यावर काय उरतं

राजाचा गॅम्बिट पक्का की कच्चा, हा वाद माझ्या वर्गात दर पावसाळ्यात नव्याने पेटतो आणि तो पेटावा अशीच माझी इच्छा असते. मी शिरगावात राहते. आठवड्याचे दिवस पालघर आणि बोईसरच्या शाळांत बुद्धिबळ शिकवण्यात जातात आणि रविवारी सकाळी घराच्या पडवीत मोठ्या मुलांचा वर्ग भरतो. शिरगावची मुलं असतात, सातपाटीची असतात, बोईसरहून तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीतली काही येतात, एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्यांची येतात. कोणाच्या घरी वाडवळी बोलतात, कोणाच्या मांगेली, कोणाच्या मल्याळम, कोणाच्या भोजपुरी. पटावर बसल्यावर मात्र एक सवय सगळ्यांची सारखी. मोबाइलवर पाहिलेला एखादा गॅम्बिट आल्या आल्या खेळून दाखवायचा आणि यापुढे कोणाचं काही चालत नाही असं शपथेवर सांगायचं.

ज्यांना खेळाची फार ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डावाच्या सुरुवातीलाच एखादं प्यादं, क्वचित एखादा मोहरा, मुद्दाम देऊन टाकायचा आणि बदल्यात वेळ, मोकळ्या वाटा आणि हल्ला मिळवायचा, याला गॅम्बिट म्हणतात. राजाच्या गॅम्बिटमध्ये दोन्ही बाजूंनी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, की पांढरा दुसऱ्याच चालीला राजाच्या उंटासमोरचं प्यादंही पुढे सारतो. काळ्याने ते मारलं की पांढऱ्याचं एक प्यादं कमी होतं, वर स्वतःच्याच राजाची बाजू उघडी पडते. मिळतं काय? पटाचा मध्य, एफ पट्टीवरून हत्तीला वाट, आणि मोहरे बाहेर काढायला थोडी सवड. हा सौदा परवडतो की नाही यावर चारशे वर्षांहून अधिक काळ लोक भांडत आले आहेत.

शिकवणाऱ्यासाठी हा प्रश्न फार जवळचा असतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला आपण जी सुरुवात देतो, तिच्यातून निर्माण होणाऱ्या स्थिती तो पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा खेळणार असतो. त्याच्या डोळ्यांना कोणत्या गोष्टी आधी दिसाव्यात, हे आपण नकळत ठरवून टाकतो. म्हणून मी या वादात कोणतीच बाजू हलक्या मनाने घेत नाही.

सातपाटीचा एक मुलगा माझ्याकडे आला तो स्टॅफर्ड गॅम्बिट घेऊनच. यात काळा एक प्यादं सोडतो, घोड्यांची मारामारी होते आणि काळ्याचे दोन्ही उंट मोकळे होतात. पुढे सापळे आहेत, आणि ते खरोखर देखणे आहेत. पांढऱ्याने डी३ खेळून नंतर निष्काळजीपणे उंट जी५ वर आणला, तर काळा वजीर सोडून देऊन घोड्याने ई४ वरचं प्यादं मारतो. पांढरा हरखून वजीर उचलतो आणि आठव्या चालीवर दोन उंट व एक घोडा मिळून त्याच्या राजाला मात देतात. शाळेच्या आणि तालुक्याच्या स्पर्धांत हा मुलगा असे डाव ओळीने जिंकायचा. घड्याळात बरीच मिनिटं शिल्लक असताना उठायचा आणि बाकीच्यांच्या पटाभोवती फिरायचा.

मग वसईकडच्या एका रेटिंग स्पर्धेत त्याच्यासमोर एक शांत मुलगी बसली. तिने डी३ खेळलं, उंट ई२ वर ठेवला, सी३ केलं, वेळ आली तेव्हा डी४ केलं. एकही चमकदार चाल नाही. सगळे सापळे जागच्या जागी विझले. त्याच्याकडे एक प्यादं कमी, हल्ला नाही, मध्य नाही, आणि डाव तर अजून दहा-बारा चालींचाच झालेला. डाव हरून बाहेर आल्यावर त्याने स्कोअरशीट माझ्यापुढे धरली, त्या डी४ वर बोट ठेवलं आणि विचारलं, "ताई, इथून काय खेळायचं होतं?"

त्याचा हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. गॅम्बिट पक्का आहे की कच्चा हे ठरवायची माझी कसोटी त्यातूनच तयार झाली. समोरच्याने सगळ्यात चांगलं उत्तर दिलं असं धरून चाला, आणि मग बघा की खेळायला काही उरतं का. स्टॅफर्डमध्ये उरत नाही. संगणकाला विचारलं तर तोही काळा जवळपास दोन प्याद्यांनी मागे असल्याचं सांगतो. पण संगणक नसता तरी त्या मुलीच्या साध्या चालींनी तेच सांगितलं होतं. एंग्लुंड गॅम्बिटचीही तीच गत. समोरच्याच्या अज्ञानावर उभी असलेली सुरुवात समोरचा शिकला की संपते, आणि बुद्धिबळात समोरचा शिकतोच.

वर्गाला नियमाने येणारे एक काका आहेत, ऐंशी ओलांडलेले, शिरगावचेच. त्यांचं सगळं आयुष्य वाडीत गेलं आणि संध्याकाळी ओटीवर देशी डाव मांडण्यात गेलं. देशी डावाचे नियम गावागणिक थोडे बदलत, पण मुख्य गोष्टी सारख्याच असत. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. राजाला शह बसलेला नसेल तर एकदा घोड्याची उडी घेता यायची. पलीकडे पोचलेलं प्यादं ज्या पट्टीत पोचलं त्या पट्टीचा मोहरा व्हायचं. आणि प्याद्याने दिलेली मात, प्यादेमात, ही सगळ्यात मानाची. अशा डावात वाढलेल्या माणसाला दुसऱ्या चालीला प्यादं देऊन टाकणं कसं रुचावं? काका पहिल्यांदा राजाचा गॅम्बिट बघून म्हणाले, "बाय, प्यादी अशी वाटायला तू सावकार लागून गेलीस काय?"

त्यांचा आक्षेप मी कधीच हसण्यावारी नेला नाही, कारण तो खेळाच्या रचनेतूनच आलेला आहे. देशी डावात दोन्ही सैन्यं सावकाश, आपापल्या हद्दीत रचली जातात. पहिल्या काही चालींत एकमेकांना भिडायची सोयच नसते, त्यामुळे एखाद्या चालीने पुढे असण्याला फारशी किंमत येत नाही. प्याद्याची किंमत मात्र असतेच. प्यादं दोन घरं टाकायची मुभा मिळाल्यावर तिसऱ्या-चौथ्या चालीलाच मारामारी सुरू होऊ शकते, आणि मग वेळ नावाची गोष्ट प्याद्याच्या तोलाची होते. गॅम्बिट जन्माला आले ते यातून. काकांना मी हे समजावलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, पण पटलं नाही म्हणाले. प्यादं ते प्यादं.

त्यांच्यासाठी मग मी कलकत्त्याची गोष्ट काढली. जॉन कॉकरन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर गेल्याच्या आधीच्या शतकात कलकत्त्यात वकिली करत. तिथे त्यांची गाठ महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूशी पडली. बॅनर्जी देशी डावात मुरलेले. दोघांनी वर्षानुवर्षं डाव खेळले आणि त्यातले बरेच नोंदले गेले म्हणून आज आपल्यापुढे आहेत. बॅनर्जी उंट बाजूच्या कोपऱ्यात बसवून, प्यादी एकेक घर सरकवून मागे थांबत. पुढे जगाने ज्यांना भारतीय बचाव म्हटलं त्यांची मुळं अशा डावांत सापडतात. आणि याच बॅनर्जींविरुद्ध १८४८ मध्ये कॉकरननी पेट्रॉफ बचावात चौथ्या चालीला घोडा एफ७ च्या प्याद्यावर मारून दिला. एका घोड्याला दोन प्यादी, आणि काळ्या राजाचा किल्लेकोट कायमचा गेला. हाच कॉकरन गॅम्बिट. दीडशे वर्षांनी, १९९९ च्या लिनारेस स्पर्धेत, वेसेलिन टोपालोवने तोच व्लादिमिर क्रामनिकविरुद्ध खेळला आणि डाव बरोबरीत सुटला. काका बराच वेळ पटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, बॅनर्जीच्या जागी मला बसव. त्या रविवारी त्यांनी घोडा घेतला आणि राजाला धीराने जी८ कडे चालवत नेलं. मुलांनी पाहिलं की कोणतीही थिअरी न वाचलेला माणूस निव्वळ घाई न करता किती चांगला बचाव करू शकतो.

पावसाळ्यातच हा वाद का पेटतो, तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. सातपाटीचे बोटीवाले बाप त्या दिवसांत घरी असतात. जाळी दुरुस्त करून होतात, बोटींची डागडुजी होते, आणि रविवारी मुलाला सोडायला आलेला बाप पडवीतच टेकतो. त्यातले बरेच जण लहानपणी खेळलेले असतात. प्यादं फुकट देताना बघून ते गप्प बसूच शकत नाहीत. एक बाजू घ्यायचीच असते.

अशाच एका जूनमध्ये एका मुलीचे वडील लॅपटॉप घेऊन आले. ते बोईसरच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम बघतात. मुलगी माझ्याकडे राजाचा गॅम्बिट खेळायला शिकत होती आणि ती स्पर्धांत हरत होती. त्यांनी स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम उघडला, दोन चाली केल्या, आकडा माझ्याकडे वळवला. काळा साधारण अर्ध्या प्याद्याने पुढे. "मॅडम, विषय संपला. हे तुम्ही मुलांना का शिकवता?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचं पूर्ण उत्तर द्यायला मला तो सगळा पावसाळा लागला. आधी मी एवढंच म्हटलं, की हा आकडा काय मोजतो ते आपण बघू. दोन्ही बाजूंनी यंत्राच्या ताकदीने खेळलं तर पारडं कोणीकडे झुकेल, याचा तो अंदाज आहे. अर्ध्या प्याद्याचा तोटा म्हणजे हार नव्हे. दोन यंत्रं आपसात खेळली तर एवढ्या फरकातून बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. आणि हा तोटा कशातून आला, तो टिकवायला काळ्याने कुठल्या चाली शोधायच्या, हे आकडा सांगत नाही. ते माणसाने शोधायचं.

माझ्या वर्गाचा एक नियम आहे. जो गॅम्बिटला कच्चा म्हणेल त्याने काळी मोहरी घेऊन बसायचं आणि घड्याळ लावून, प्रत्येक चाल लिहून ते दाखवायचं. जो पक्का म्हणेल त्याने पुढच्या रविवारी त्याच गॅम्बिटविरुद्ध काळं घ्यायचं आणि आपल्याला सापडेल ते सर्वांत कडक उत्तर द्यायचं. लॅपटॉप दोन्ही डाव संपल्यावर उघडायचा. वडील मुलीसमोर बसले.

पहिल्या रविवारी त्यांनी प्यादं घेतलं आणि जी५ खेळून ते राखायचा प्रयत्न केला. मुलीने एच४ ने ती साखळी फोडली, घोडा ई५ वर रोवला आणि वडिलांच्या राजाला बसायला जागा राहिली नाही. बॉबी फिशरसारख्याचीही या स्थितीत अडचण झाली होती. १९६० मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे बोरिस स्पास्कीने त्याला याच मार्गाने एकोणतीस चालींत हरवलं. फिशरने ते मनाला लावून घेतलं. १९६१ मध्ये त्याने एक लेख लिहून राजाचा गॅम्बिट सक्तीने हरतो असा निकाल दिला आणि तिसऱ्या चालीला डी६ ही आपली चाल सुचवली. तिची कल्पना साधी आहे. डी६ वर प्यादं असलं की पुढे जी५, एच४, जी४ झाल्यावर पांढऱ्याचा घोडा ई५ वर उडी मारू शकत नाही. ज्या एका घरामुळे तो हरला होता तेच घर त्याने बंद केलं. मला फिशरचा निकाल कधी पटला नाही, पण त्याच्या विचार करण्याच्या पद्धतीबद्दल मला फार आदर आहे. आणि पुढे १९६३ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत तो स्वतः पांढऱ्याकडून राजाचा गॅम्बिट खेळला, घोड्याऐवजी उंट आधी काढून, आणि लॅरी इव्हान्सविरुद्ध जिंकला. निकाल देणाऱ्यालाच त्यात खेळण्यासारखं काही उरलेलं दिसलं होतं.

वडील दुसऱ्या रविवारी ती डी६ घेऊन आले. या वेळी डाव लांबला, त्यांचं प्यादं टिकलं आणि ते जिंकले. मुलगी रडली नाही, पण जाताना बोललीही नाही. तिसऱ्या खेपेला मोहरी बदलली. आता काळं तिच्याकडे. तिने प्यादं घेतलं आणि लगेच डी५ खेळून एक प्यादं परत दिलं. हे उत्तर तिने स्वतः शोधलं होतं, कारण पांढऱ्याकडून खेळताना तिला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो हे तिला ठाऊक होतं. डाव सपाट झाला, वजीर गेले, हत्ती आणि प्यादी उरली आणि बाप-लेक दोघंही अडीच तास बसून बरोबरीवर थांबले. बाहेर पाऊस धो धो चालला होता. सातपाटीचे दोन बाप आणि आमचे काका जागचे हलले नाहीत.

घेतलेलं प्यादं योग्य वेळी परत करणं, ही बचावाची मोठी कला आहे, आणि मुलं ती फक्त गॅम्बिटविरुद्ध खेळूनच शिकतात असं मी अनुभवाने म्हणते. इव्हान्स गॅम्बिटच्या इतिहासात तर सगळा निकालच यावर फिरला. तो सुचला विल्यम डेव्हिस इव्हान्स या वेल्श माणसाला, १८२० च्या दशकात. हा जहाजावरचा कप्तान. सातपाटीच्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे कान टवकारतात. काळ्याचा उंट सी५ वर आला की पांढरा बी४ खेळून प्यादं पुढे करतो; उंटाने ते खाल्लं की सी३ ने त्याला हाकलत मध्य काबीज करायचा. एकोणिसाव्या शतकात हा गॅम्बिट राज्य करत होता. मग इमॅन्युएल लास्करने दाखवलं की उंट बी६ वर मागे घेऊन प्यादं शांतपणे परत द्यावं, वजीर मारून घ्यावेत, काळ्याचं अंत्यपर्व जास्त चांगलं राहतं. जोम ओसरला. इव्हान्स गॅम्बिट मोठ्या स्पर्धांतून जवळपास नाहीसा झाला.

आणि १९९५ मध्ये रीगाला, मिखाईल तालच्या स्मरणार्थ झालेल्या स्पर्धेत, गॅरी कास्पारोवने तो आपल्या विश्वनाथन आनंदविरुद्ध काढला. आनंदने उंट ई७ वर घेतला, सगळं समंजसपणे केलं, आणि पंचवीस चालींत हरला. हा डाव मी दरवर्षी दाखवते. मुलं म्हणतात, म्हणजे गॅम्बिट पक्का! मी म्हणते, थांबा. एक डाव जिंकला म्हणून काही पक्कं होत नाही, तसंच एक डाव हरला म्हणून काही कच्चंही ठरत नाही. लगेच मार्शलचा डाव काढते. १९१८, न्यूयॉर्क. फ्रँक मार्शलने रुई लोपेझमध्ये आठव्या चालीला डी५ खेळून कापाब्लांकाला प्यादं दिलं. कापाब्लांकाने ते घेतलं, भयंकर हल्ला सोसला आणि डाव जिंकला. त्या दिवशी कोणीही म्हटलं असतं की हा गॅम्बिट मेला. आज शंभर वर्षांनंतर जगातले पहिल्या रांगेतले खेळाडू मार्शल हल्ला खेळतात, आणि पांढऱ्याकडून खेळणारे त्या वाटेला जायचं टाळण्यासाठी आठव्या चालीलाच बाजूला वळतात. हे दोन डाव शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय मी हा विषय कधी संपवत नाही.

एप्रिल २०२४ ची आठवण सांगायलाच हवी. टोरांटोला कॅन्डिडेट्स स्पर्धा चालू होती, आपल्या इथे डाव मध्यरात्री सुरू होत. नाशिकच्या विदित गुजराथीने दुसऱ्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी हिकारू नाकामुराच्या किल्लेकोटापुढचं एच३ चं प्यादं उंट देऊन फोडलं आणि डाव जिंकला. वर्गात काय आनंद झाला! पण पुढच्याच फेरीत विदित पांढरी मोहरी घेऊन बसला आणि प्रज्ञानंदने तिसऱ्या चालीला एफ५ खेळलं. यानिश गॅम्बिट. पुस्तकांनी कित्येक वर्षं संशयास्पद म्हणून बाजूला ठेवलेली चाल, अझरबैजानच्या तैमूर रादजाबोवने पुन्हा वर आणलेली. विदित हरला. ती रात्र शनिवारची होती, त्यामुळे रविवारी सकाळी मुलं डोळे चोळत थेट तो डाव घेऊनच पडवीत आली. काहींना वाईट वाटलं होतं, आपला माणूस हरला म्हणून. मला मात्र त्यांच्याशी एका गोष्टीबद्दल बोलायचं होतं. या स्तरावर दोघांनाही सगळी पुस्तकं पाठ असतात, दोघांकडेही यंत्रं असतात, तरीही ती चाल खेळली गेली. प्रज्ञानंदने समोरच्याला ती माहीत नसेल असं धरलेलं नव्हतं. सगळं माहीत असूनही पुढे खेळायला भरपूर उरतं, हे धरूनच तो बसला होता.

वर्ग सुटला की मुलं किल्ल्याकडे धावतात. १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून घेतलेला आमचा हा शिरगावचा कोट. त्या सकाळी तटावर बसून बाराएक मुलं एफ५ वर भांडत होती. मी लांब उभी राहून ऐकत होते आणि मला मनापासून समाधान वाटत होतं.

या कामात पालकांचा रेटा असतो, तो लपवण्यात अर्थ नाही. मार्च २०२४ पासून फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने रेटिंगची खालची पायरी १००० वरून १४०० वर नेली, तेव्हापासून चौदाशेच्या आत-बाहेर असणाऱ्या मुलांच्या घरी रोज हाच विषय असतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर किताब मिळवला, त्यानंतर मला मुलींच्या आयांचे कितीतरी फोन आले. मला त्याचा फार आनंद आहे. माझ्या लहानपणी खाडिलकर भगिनींच्या बातम्या वाचून, १९८१ मध्ये रोहिणी खाडिलकर आशियाई विजेत्या झाल्या हे ऐकून, माझ्या वडिलांनी माझ्यासाठी पट आणला होता. पण फोनवरचा दुसरा प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, की रेटिंग किती महिन्यांत येईल. आणि लवकर डाव जिंकून देणारे सापळे शिकवले तर ते खरंच लवकर येतं. शिकवणारा तिथे मोहात पडू शकतो.

त्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्या वडिलांच्या मुलीने राजाचा गॅम्बिट वर्षभर सोडला नाही. मी तिच्या स्कोअरशीट एका फाइलला लावत गेले. सुरुवातीच्या डावांत हल्ला फसला की पुढच्या चाली नुसत्या भराभर लिहिलेल्या दिसतात, अक्षरसुद्धा बिघडलेलं. सहाएक महिन्यांनी हल्ला फसल्यानंतरच्या चालींवर जास्त वेळ गेलेला दिसू लागतो. एक प्यादं कमी असताना हत्ती कुठे ठेवला म्हणजे बरोबरी साधते, हे तिला सापडू लागलं. शेवटच्या काही डावांत तर ती हल्ला करायची संधी असूनही वजीर मारून अंत्यपर्वात गेली आहे, कारण एफ पट्टीवर तिच्या हत्तीला जागा होती. वडिलांनी ती फाइल एका संध्याकाळी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. लॅपटॉप त्यांच्या पिशवीतच होता.

सातपाटीचा मुलगा आता स्टॅफर्ड खेळत नाही. काळ्याकडून तो बेन्को गॅम्बिट शिकतो आहे. त्यात दिलेलं प्यादं परत मिळवायची घाई नसते. ए आणि बी पट्ट्या उघडतात, हत्ती तिथे बसतात आणि वजीर गेल्यावरसुद्धा दाब कमी होत नाही. संगणक त्यालाही पूर्ण मान्यता देत नाही, पण चाळीसाव्या चालीलाही त्यात काळ्याला करण्यासारखं काम असतं. काकांना हा एकच गॅम्बिट आवडतो. तो त्यांना देशी डावासारखा सावकाश वाटतो.

तेव्हा माझं मत असं आहे. राजाचा गॅम्बिट कच्चा नाही. तो पांढऱ्याला पहिल्या चालीचा फायदा सोडायला लावतो, थोडा तोटाही पदरात टाकतो, आणि जगज्जेतेपदाच्या सामन्यात मी तो कोणाला खेळायला सांगणार नाही. पण उत्तम उत्तरानंतरही त्यात डाव शिल्लक राहतो, म्हणून तो शिकणाऱ्या मुलाला द्यावा. इव्हान्स तर नक्कीच द्यावा. स्टॅफर्ड आणि एंग्लुंड फक्त त्यांचं उत्तर शिकवण्यासाठी दाखवावेत.

पालघरपासून डहाणूपर्यंत माझ्यासारखं काम करणारे बरेच जण आहेत, त्यांना आणि पालकांना माझी विनंती आहे. मूल एखादा गॅम्बिट घेऊन आलं तर त्याला गप्प करू नका आणि लगेच यंत्राचा आकडाही दाखवू नका. त्याला त्याच गॅम्बिटविरुद्ध काळी मोहरी देऊन बसवा, घड्याळ लावा, चाली लिहायला सांगा, आणि डाव पूर्ण होईपर्यंत शेजारी बसून राहा.